सराफी पेढीसाठी स्वतः सॉफ्टवेअर लिहितेय, सोन्याचा हिशेब टेबलांत कसा बसवावा?

चरईची लेक, ठाणे

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण थोडक्यात विचारला तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळं लिहिते.

जांभळी नाक्याजवळ आमची सराफी पेढी आहे. आजोबांनी सुरू केली, आता बाबा आणि काका बघतात. काउंटर अकरा फुटांचा, मागे तिजोरी, पोटमाळ्यावर एक कारागीर बसतो आणि बाकीचं घडणीचं काम झवेरी बाजारात जातं. दुकानात एका वेळी साधारण दीड हजार डाग, म्हणजे दागिने, असतात. मी ऐरोलीला एका कंपनीत डेटाबेसचं काम करते. गेल्या दिवाळीत वहीपूजन झाल्यावर बाबा म्हणाले, "परक्या बँकांचे हिशेब सांभाळतेस, आपल्या पेढीचा एकदा बघ." तेव्हापासून शनिवार-रविवार मी गल्ल्याशेजारी स्टूल टाकून बसते.

चार वर्षांपूर्वी आम्ही एक तयार सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं. कोणाचं ते सांगत नाही. बिल झटकन छापून मिळायचं, दिसायलाही नीटनेटकं. पण आतली रचना किराणा दुकानाची होती: माल, नग, दर, रक्कम. सोनं त्यात मावत नाही हे आम्हाला हळूहळू कळलं.

मोडीचंच, म्हणजे गिऱ्हाईक बदल्यात देतं त्या जुन्या सोन्याचंच, घ्या. आकडे सोपे राहावेत म्हणून बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० आणि चोविसचा १०,९०० धरते. मंगळसूत्राचं वजन १८.६४० ग्रॅम. त्यातले काळे मणी आणि दोरा २.३१०, म्हणजे निव्वळ सोनं १६.३३०. त्याचे १,६३,३०० रुपये. घडणावळ १२ टक्के, म्हणजे १९,५९६. एकूण १,८२,८९६ आणि त्यावर ३ टक्के जीएसटी ५,४८६.८८. आता गिऱ्हाइकाने जुनी अंगठी मोडीत दिली, ८.२०० ग्रॅमची. आटवल्यावर ७.९५० राहिली, टंच, म्हणजे हजार भागांतलं शुद्ध सोनं, ८८५ आला, म्हणजे शुद्ध सोनं ७.०३६ ग्रॅम, किंमत ७६,६९२.४०. जीएसटी नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो. मोड ही आपली खरेदी असते, ती शेवटी वजा करायची. ते सॉफ्टवेअर मोड आधी वजा करायचं आणि उरलेल्या रकमेवर कर लावायचं. या एका बिलात २,३००.७७ रुपये कर कमी. अशी किती बिलं झाली असतील, विचार करा. आमच्या सीएंनी वर्षअखेरीला पकडलं आणि फरक आम्ही पदरचा भरला.

वजनाचा रकाना एकच होता. काउंटरवरचा एक मुलगा त्यात मण्यांसकट वजन लिहायचा, दुसरा मणी वजा करून. दोघांचंही चुकत नव्हतं, कारण 'वजन' म्हणजे कुठलं वजन हे कोणी ठरवलंच नव्हतं. कारागिराचं खातं तर त्यात नव्हतंच, ते बाबांच्या लाल वहीत. आणि वार्षिक करार संपला तेव्हा आमचीच माहिती आम्हाला बाहेर काढता येईना. दीड हजार डागांची यादी मी आणि माझ्या भावाने तीन रात्री बसून हाताने पुन्हा लिहिली.

आता मी पायथन भाषेत आणि पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये सुरुवात केली आहे. सर्व्हर दुकानातलाच एक संगणक. डागाचं टेबल आहे, बिलाचं आहे, ग्राहकांचं आहे. अडले आहे ते पुढे. कारागिराला पाटल्यांसाठी सोनं दिलं तर ते माझ्या साठ्यातून गेलं की नाही? दिवसात तीनदा भाव बदलला तर सकाळी आगाऊ रक्कम देऊन भाव बांधलेल्या माणसाचं काय लिहायचं? बिल चुकलं तर ते पुसायचं का?

आणि खरं सांगायचं तर मला एका आकड्याने त्रास दिला आहे. गेल्या महिन्यात मी सगळे ट्रे वजन करून बघितले. संगणकातलं बावीस कॅरेटचं एकूण आणि ट्रेमधलं एकूण यात ११.२६० ग्रॅमचा फरक आला. ट्रेमध्ये जास्त. काका म्हणाले, "जास्तच आहे ना, मग कशाला काळजी?" पण जास्त आहे म्हणजे ते दुसऱ्या कोणाचं तरी आहे. ते कोणाचं हे सांगू शकेल असं सॉफ्टवेअर मला लिहायचं आहे. ज्यांनी हे काम केलंय, किंवा पेढीवर बसलेत, त्यांनी कृपया सांगावं.

*

नेरूळ पूर्व

वाशीतल्या एका दुकानासाठी मी २०१९ मध्ये असंच लिहिलं आणि ते अजून चालू आहे. माझ्या चुका आधी सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

वजन फ्लोटमध्ये, म्हणजे संगणकाच्या अंदाजे अपूर्णांकात, कधीच साठवू नका. संगणकाला ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ दिसते. एका डागात हे कळत नाही, दीड हजार डागांच्या बेरजेत आणि टंचाच्या गुणाकारात कळतं. मी वजन मिलिग्रॅममध्ये पूर्णांक ठेवतो. १६.३३० ग्रॅम म्हणजे १६३३०. पैसेही तसेच, रुपयांऐवजी पैशांत. पोस्टग्रेसचा अचूक दशांश ठेवणारा न्यूमेरिक प्रकारही चालतो, पण मग सगळीकडे तोच हवा. कुठेतरी एका फंक्शनमध्ये फ्लोट शिरला की घोळ झालाच म्हणून समजा. राउंडिंग एकदाच, एकाच ठिकाणी करा आणि झालेला आकडा साठवून ठेवा. दर वेळी नव्याने काढू नका.

दुसरी चूक मोठी होती. बिल छापताना मी डागाच्या टेबलातून ग्रॉस आणि मण्यांचं वजन घेऊन नेट काढत असे. एका बाईंनी वर्षभराने मंगळसूत्राचे काळे मणी बदलून घेतले. दुकानदाराने डागाच्या नोंदीत मण्यांचं नवं वजन टाकलं. नंतर त्यांना जुन्या बिलाची प्रत हवी होती, ती छापली तर नेट वेगळंच! कायद्याच्या कागदावर असं होणं किती वाईट आहे हे मला त्या दिवशी कळलं. बिलात त्या क्षणीचं सगळं उतरवून घ्या: ग्रॉस, वजावट, नेट, शुद्धता, भाव, घडणावळीचा दर, कराचा दर. डागाच्या नोंदीचा फक्त क्रमांक ठेवून भागत नाही.

भावाचंही तेच. भावाचं वेगळं टेबल करा, त्यात तारीख आणि वेळ. नवा भाव आला की नवी ओळ, जुनी ओळ तशीच. बिल तो भाव स्वतःत लिहून घेतं. भाव बांधलेली ऑर्डर हे वेगळं टेबल हवं, कारण तिथे तुम्ही ठरावीक भावाने ठरावीक ग्रॅम देण्याचा शब्द दिलेला असतो. नुसती आगाऊ रक्कम घेतली असेल तर फक्त रुपये जमा. या दोन गोष्टी एका रकान्यात टाकल्या की भाव चढल्यावर भांडण ठरलेलं.

डागाला तुमचा स्वतःचा क्रमांक द्या. एचयूआयडीला, म्हणजे हॉलमार्कसोबत मिळणाऱ्या ओळख-क्रमांकाला, मुख्य क्रमांक करायचा मोह होतो, कारण तो सहा अक्षर-अंकांचा आणि प्रत्येक डागाचा वेगळा असतो. पण २ ग्रॅमच्या आतल्या डागाला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि कारागिराकडून आलेला डाग हॉलमार्क केंद्रात जाऊन येईपर्यंत त्याला एचयूआयडी नसतोच. शिवाय चार बांगड्यांचा संच तुम्ही एक माल म्हणून विकता, त्यावर चार वेगळे एचयूआयडी असतात. म्हणून ते वेगळं टेबल, एका मालाला अनेक.

तराजू थेट जोडा. बहुतेक इलेक्ट्रॉनिक काट्यांना आरएस-२३२ चं तोंड असतं, यूएसबीचा जोड मिळतो. काटा सेकंदाला अनेकदा आकडा पाठवत राहतो, तेव्हा आकडा स्थिर झाल्यावरच घ्या. पंख्याच्या वाऱ्याने शेवटचा अंक हलतो, आमच्याकडे काट्यावरची काचेची झाकणी लावल्यावरच पटापट काम होऊ लागलं. हाताने वजन टाकायची सोय ठेवा, पण ते हाताने टाकलंय अशी खूण नोंदीत राहू द्या.

आणि चिठ्ठीचं वजन! डागाला लावलेली बारकोडची चिठ्ठी आणि तिचा दोरा. ग्रॉस आणि नेटच्या जोडीला 'चिठ्ठीसकट वजन' असा तिसरा रकाना ठेवा. मग संध्याकाळी अख्खा ट्रे काट्यावर ठेवला, रिकाम्या ट्रेचं वजन वजा केलं, की मोजणी झाली. एकही चिठ्ठी सोडावी लागत नाही.

*

कोपरीचा सराफ

सॉफ्टवेअरमधलं मला कळत नाही, काउंटरवरचं सांगतो.

गुरुपुष्यामृताला संध्याकाळी सहा ते नऊ दुकानात उभं राहायला जागा नसते. निम्मे लोक एक ग्रॅम, दोन ग्रॅमची चोख सोन्याची वेढणी घ्यायला आलेले. मुहूर्त टळायच्या आत त्यांना हातात हवं असतं. त्या वेळी तुमचं बिल एका मिनिटात झालं पाहिजे. मंगळसूत्राच्या बिलाला लागणारे पंधरा रकाने वेढण्याच्या बिलात समोर आणू नका. वजन, भाव, मोबाईल क्रमांक, झालं. आणि वीज गेली तरी चालेल अशी बॅटरी ठेवा, इंटरनेट गेलं तरी अडता कामा नये. सर्व्हर दुकानात ठेवताय ते योग्य करताय. रोज रात्री एक प्रत दुकानाबाहेर मात्र जाऊ द्या.

सरकारी मर्यादा कोडमध्ये कोरून ठेवू नका, बदलता येतील अशा जागी ठेवा. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही, मोडीचे पैसे एका माणसाला दिवसात दहा हजारांच्या वर रोखीने द्यायचे नाहीत, नाहीतर तो खर्च आयकरात धरत नाहीत. पॅनसाठी पूर्ण बिल बघायचं, मोड वजा करून उरलेली रक्कम नाही. हे काउंटरवरच्या पोराच्या लक्षात राहत नाही. बिल छापायच्या आधी पडद्यावर यायला हवं, छापून झाल्यावर काय उपयोग?

बिलावर प्रत्येक डागाचं वर्णन, नेट वजन, कॅरेट आणि शुद्धता, आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं दाखवावं लागतं. ते घडणावळीत मिसळू नका. १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकी एचयूआयडी नसलेला हॉलमार्क डाग विकता येत नाही, त्यामुळे एचयूआयडीच्या आधीच्या, जुन्या चार खुणांच्या हॉलमार्कचा एखादा डाग तिजोरीच्या तळाशी राहिला असेल तर सॉफ्टवेअरने तो विक्रीला अडवला पाहिजे. माझ्याकडे असा एक गोफ निघाला होता, वडिलांच्या वेळचा.

भिशी चालवत असाल तर हप्ते रुपयांत जमा होतात की त्या दिवशीच्या भावाने ग्रॅममध्ये, ते प्रत्येक खात्यावर लिहा. मध्येच बदलू देऊ नका. मुदत अकरा महिन्यांचीच ठेवा, आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालात फिटली पाहिजे. आणि एखाद्याने डाग ठेवून पैसे मागितले तर त्याच्यासाठी या सॉफ्टवेअरमध्ये खिडकीच नको. त्याला सावकारीचा परवाना लागतो, २०१४ चा कायदा आहे.

*

जुना दिवाणजी, नौपाडा

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरे वाटले. मी एका पेढीवर ४१ वर्षे दिवाणजी होतो. संगणक शेवटच्या बारा वर्षांत आला, त्याआधी कीर्द आणि खतावणी. तुम्ही विचारलेल्या बहुतेक गोष्टींची उत्तरे त्या वह्यांत आहेत, म्हणून लिहितो.

आमच्याकडे दोन कीर्दी असत. एक रुपयांची, एक सोन्याची. किराणा दुकानाला एक पुरते, सराफाला पुरत नाही. कारण सराफाकडे दोन चलने आहेत. कारागिराला तुम्ही मजुरी रुपयांत देता आणि सोने सोन्यात देता. व्यापाऱ्याकडून माल घेता तो कधी पैसे देऊन, कधी लगड, म्हणजे सोन्याची कांडी, देऊन. म्हणून प्रत्येक खात्याला दोन बाकी हव्यात, रुपयांची आणि सोन्याची. आणि सोन्याची बाकी नेहमी शुद्ध वजनात, म्हणजे नेट वजन गुणिले टंच. बावीस कॅरेटचे दहा ग्रॅम आणि अठरा कॅरेटचे दहा ग्रॅम यांची थेट बेरीज केली की ती बेरीज कशाचीच नसते.

तुम्ही विचारलेत, कारागिराला दिलेले सोने साठ्यातून गेले का? नाही गेले. ते तिजोरीच्या खात्यातून कारागिराच्या खात्यात गेले. पेढीचेच आहे, फक्त जागा बदलली. तिजोरी हे खाते, प्रत्येक ट्रे हे खाते, कारागीर हे खाते, हॉलमार्क केंद्र हे खाते, गिऱ्हाइकाने पसंतीला घरी नेलेला डाग हेही त्या गिऱ्हाइकाचे खाते. सोने कुठूनतरी कुठेतरी जाते. नुसते जाते किंवा नुसते येते असे कधी होत नाही. प्रत्येक नोंदीला एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा. हे एवढे पाळले की पेढीतले सगळे सोने कुठे आहे ते एका पानावर दिसते.

कारागिराचा हिशेब आकड्यांत सांगतो. समजा ९९५ ची ५०.००० ग्रॅम लगड दिली. शुद्ध ४९.७५० त्याच्या नावे. त्याने ९१६ च्या बांगड्या आणल्या ५२.१८० ग्रॅम. वजन वाढले ते मेळ, म्हणजे दुसरा धातू, घातल्यामुळे, घाबरू नका. त्यातले शुद्ध ४७.७९७ जमा. उरलेले तुकडे आणले १.२०० ग्रॅम, ९१६ चेच, शुद्ध १.०९९ जमा. घट, म्हणजे घडणीत वाया जाणारे सोने, बांगड्यांच्या वजनावर दीड टक्का ठरली आहे आणि ती शुद्धात द्यायची आहे, म्हणजे ०.७८३ जमा. एकूण जमा ४९.६७९. त्याच्याकडे बाकी ०.०७१ ग्रॅम, म्हणजे ७१ मिलिग्रॅम. नवखा माणूस हे सोडून देतो. आम्ही सोडत नसू आणि कारागिरावर संशयही घेत नसू. बाकी पुढे ओढायची, पुढच्या खेपेला कधी त्याची निघते, कधी आपली. वर्षाअखेरीला दोघांनी मिळून खाते बघायचे. यात कारागिराचे हित आहे. त्याला वाचता येईल असा उतारा दर वेळी छापून द्या. माझ्या डोळ्यांसमोर एका चांगल्या कारागिरावर चोरीचा आळ आला होता, आणि चूक निघाली घटीच्या टक्क्याची: पेढी शुद्धावर मोजत होती, तो बांगडीच्या वजनावर. तोपर्यंत तो माणूस काम सोडून गेला होता. त्याची माफी मागायला कोणी गेले नाही, हे मला अजून लागते. म्हणून घट कशावर, किती आणि शुद्धात की बावीसमध्ये, हे तीन रकाने प्रत्येक कामाच्या नोंदीत हवेतच.

आता पुसण्याबद्दल. आमच्या वहीत खोडरबर नव्हते. चुकीची नोंद झाली तर तिच्यावर आडवी रेघही मारत नसू. दुसऱ्या दिवशी उलटी नोंद करायची आणि शेजारी कारण लिहायचे. तुम्हीही बिल पुसू देऊ नका. रद्द करण्याची वेगळी नोंद, कोणी केली, केव्हा केली, का केली. मालकालाही पुसता येऊ नये. बाबांना सुरुवातीला त्रास होईल, समजावून सांगा.

लाखेच्या डागांकडे लक्ष द्या. बोरमाळेचे मणी आतून पोकळ, त्यात लाख भरलेली. एकदा भरली की आत सोने किती हे काट्यावर कळत नाही, डाग मोडल्याशिवाय कळणार नाही. लाख भरण्यापूर्वीचे वजन कारागिराकडूनच आले पाहिजे, शक्यतो तुमच्या माणसासमोर केलेले. त्याचा रकाना वेगळा ठेवा आणि तो रिकामा असेल तर डाग साठ्यात घेऊच नका. मोडीत अशी बोरमाळ आली तर उलट करा: आधी गिऱ्हाइकासमोर आटवा, मग भाव बोला.

तोळ्याचा रकाना ठेवू नका. जुनी वही वाचायची वेळ आली तर तोळा म्हणजे १२ मासे, मासा म्हणजे ८ गुंजा, आणि तो तोळा ११.६६४ ग्रॅमचा. आज गिऱ्हाईक तोळा म्हणते तेव्हा त्याच्या मनात दहा ग्रॅम असतात. आजीच्या चिठ्ठीवरचे पाच तोळे आणि नातीच्या तोंडचे पाच तोळे यांत आठ ग्रॅमहून जास्त फरक पडतो. चिठ्ठी घेऊन कोणी आले तर तिथल्या तिथे ग्रॅम करून लिहा.

शेवटचे, तुमचे ११.२६० ग्रॅम. कमी निघाले की माणूस चोर शोधतो. जास्त निघाले की दुरुस्तीचा डबा शोधावा. दुरुस्तीला आलेला डाग पेढीचा नसतो, म्हणून तो साठ्यात नोंदत नाहीत. काम होऊन आला की कोणीतरी जागा दिसेल त्या ट्रेमध्ये ठेवतो. चिठ्ठी नसलेले डाग आधी वेगळे काढा. मग वही बघा.

*

चरईची लेक, ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. दिवाणजीकाका, तुमचं उत्तर मी बाबांना वाचून दाखवलं. घटीच्या त्या कारागिराचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग पोटमाळ्यावर जाऊन आमच्या कारागिराला विचारून आले की तो घट कशावर धरतो. तोही बांगडीच्या वजनावरच धरत होता, आणि बाबांच्या लाल वहीत शुद्धावर लिहिलं होतं. गेल्या एप्रिलपासूनची खाती दोघांनी मिळून पुन्हा मांडली. त्याचे १.९४० ग्रॅम आमच्याकडे निघाले. ते परवाच जमा केले.

नेरूळकर, मिलिग्रॅम केले. जुना फ्लोटचा रकाना काढून टाकला आणि बिलातच त्या वेळचे सगळे आकडे उतरवून घेतले. चिठ्ठीसकट वजनाने तर कमाल केली, आधी मोजणीला चार तास लागायचे, काल पंचवीस मिनिटं लागली. कोपरीकर, वेढण्याचं बिल वेगळ्या छोट्या पडद्यावर केलं आहे, पुढच्या गुरुपुष्याला परीक्षा. जुन्या खुणांचे डाग शोधले तर आमच्याकडेही दोन निघाले.

आणि ते ११.२६० ग्रॅम.

चिठ्ठी नसलेले डाग वेगळे काढले तर सहाव्या ट्रेमध्ये दोन सापडले. एक अंगठी ४.१२० ग्रॅमची, एक बांगडी ७.१४० ची. बेरीज बरोबर ११.२६०. अंगठी पाचपाखाडीच्या एका गृहस्थांची, मोठी करायला दिलेली, ते येत्या रविवारी येणारच होते. बांगडी कळव्याच्या एका आजींची. टाका तुटला होता म्हणून दिली होती, सात महिन्यांपूर्वी. वहीत नोंद होती, 'काम झाले' असंही लिहिलं होतं, पण फोन कोणी केला नव्हता.

बाबांनी लगेच फोन लावला. आजी म्हणाल्या की त्यांची पावती हरवली होती. पावतीशिवाय कोण देणार, म्हणून त्या दोनदा जांभळी नाक्यापर्यंत येऊन, भाजी घेऊन परत गेल्या होत्या. विचारायचा धीर झाला नाही. काल संध्याकाळी त्या नातवाबरोबर आल्या. बांगडी हातात घालून बघितली आणि काही न बोलता बाबांच्या हातावर हात ठेवला. बाबांनी मजुरी घेतली नाही.

साठ्याचं टेबल आता थांबवलंय. दुरुस्तीचं टेबल आधी लिहितेय. त्यात डागाचा फोटो, आल्या वेळचं वजन, मालकाचं नाव आणि फोन. मालकाचा रकाना रिकामा ठेवून नोंद सेव्हच होणार नाही. काम झालं की त्याच दिवशी मालकाला मराठीत संदेश जाईल, आणि आठ दिवसांत कोणी आलं नाही तर रोज सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्या पडद्यावर ते नाव दिसेल. दिवाणजीकाका, यात आणखी काय हवं?

*

जुना दिवाणजी, नौपाडा

परत देतानाचे वजन. टाका मारला की थोडे सोने वाढते, अंगठी मोठी करताना घातले तर जास्त वाढते, घासून पॉलिश केले की कमी होते. आल्या वेळचे आणि गेल्या वेळचे, दोन्ही वजने मालकासमोर काट्यावर दाखवा आणि एकाच पावतीवर छापा. फरक सोन्याच्या कीर्दीत न्या, किती वाढले ते पेढीच्या खात्यातून, किती घासले ते पॉलिशच्या खात्यात. पॉलिशची भुकटी वर्षातून एकदा आटवतात, तेव्हा ते खाते जुळवून बघा.

आणि पावती हरवली तर काय करायचे हे पावतीवरच मोठ्या अक्षरांत लिहा. फोन क्रमांक सांगून, फोटो बघून डाग मिळेल, असे. म्हणजे कोणी नाक्यावरून परत जाणार नाही.